दोन टिंबांची सही

तिसरीच्या वर्गात मी दर शनिवारी बाजार भरवते. पुठ्ठ्याच्या नोटा, चिंचोक्यांची चिल्लर आणि बाकांवर मांडलेली वांगी-टमाटे. शंभरातून सदतीस गेले तर हातात किती उरले, हे माझ्या वर्गातलं कच्च्यातलं कच्चं पोरही चिंचोके मोजून सांगतं. अठरा वर्षं मी हे शिकवते आहे. आणि त्या अठरा वर्षांत स्वतःचा पगार मी एकदाही स्वतःच्या हातानं बँकेतून काढला नव्हता. हसायचं असेल तर हसा. मीही हसते, पण सगळं सांगून झाल्यावर.

माझे वडील चुडाव्याला रेल्वेत गँगमन होते. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी सगळे अंगठेबहाद्दर. सहीला ते दस्कत म्हणत, आणि चौथीत असताना त्यांनी मला समोर बसवून ते शिकवलं. नाव पुरतं लिहायचं, बापाच्या नावासकट, वर सरळ रेघ ओढायची. मी एकदा मोठ्या माणसांसारखी वेडीवाकडी, झोकदार सही करून दाखवली तर त्यांनी पाटी पुसून टाकली. "वाचता आलं पायजे," ते म्हणाले. "दस्कत म्हंजी काय लपायची जागा न्हाई." लग्नानंतर नाव बदललं, पण सही तशीच राहिली, गोल, पुरती, वर रेघ ओढलेली. शाळेच्या हजेरीपटावर मी रोज तीच करते.

पण बँकेत मात्र वेगळंच झालं. नोकरी लागली आणि लगेच मी लेकीच्या वेळच्या बाळंतपणाला माहेरी गेले. पगार जमा व्हायचा तर खातं हवं. माझे मालक परभणीत कालव्याच्या ऑफिसात कारकून होते. त्यांनी फॉर्म भरला, माझा फोटो डकवला आणि बँकेतला माणूस ओळखीचा म्हणून माझी सहीसुद्धा स्वतःच केली. ओल्या बाळंतिणीला कुठं हिंडवायचं, असं म्हणाले. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. चुडाव्याच्या साऱ्या आळीत मी ते सांगत हिंडले.

पुढं मग तसंच चालू राहिलं. पगार कुठल्या तारखेला येतो, घराचा हप्ता किती जातो, किती उरतो, हे मला कधी कळलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे वाईट नव्हते. भाजीला पैसे मागितले तर देत, साडीला मागितले तर थोडे जास्तच देत. पण मागावे लागत. आणि खरं सांगायचं तर मला पैशाचं भय होतं. पुठ्ठ्याच्या नोटांशी मी दिवसभर खेळेन, पण खरी पाचशेची नोट हातात आली की बोटं गार पडायची. आपलं काहीतरी चुकणार, समोरचा हसणार, असं वाटायचं. दुकानदारानं चार पैसे कमी दिले तरी मी ते न मोजता पर्समध्ये टाकायची. मोजणं म्हणजे भांडण, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

गेल्या वर्षी चैत्रात हे गेले. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्याच. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भिक्खू येऊन गेले, पाहुणे पांगले. मी ह्यांच्या कपड्यांचं गाठोडं बांधून कुणा गरजूला द्यायला ठेवलं होतं. झरी गावी राहणारे माझे धाकटे दीर म्हणाले, दादाचे कपडे बाहेर कशाला, आणि घेऊन गेले. एटीएमचं कार्डही त्यांनीच नेलं. बँकेचे निरोप आणि ते काय आकडे येतात ते ह्यांच्याच मोबाइलवर यायचे, म्हणून मोबाइलही नेला. मी नेऊ दिलं. उलट डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

दर महिन्याला भाऊजी यायचे आणि घरखर्चाचं पाकीट द्यायचे. मी ते मोजायची नाही. त्यांना वाईट वाटेल ना. कधी यायचं हे ते आधी फोन करून सांगत, आणि फोन ह्यांचाच असल्यामुळे माझ्या मोबाइलवर ह्यांचा फोटो उजळायचा. पहिल्यांदा तो फोटो वाजायला लागला तेव्हा मी जेवत होते. हातातला घास तसाच ताटात पडला. पुढं सवय झाली असं मी लोकांना सांगत असे, पण झाली नव्हती. दर वेळी फोन उचलायच्या आधी मी पदर नीट करायची.

असं दीड वर्ष गेलं. मग यंदा ऑक्टोबरात लेकीला नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. नव्वद हजार रुपये भरायचे होते आणि शनिवार शेवटचा दिवस होता. नाही भरले तर जागा पुढच्या नंबराला जाणार. लेकीनं ह्यासाठी एक वर्ष घरी बसून अभ्यास केला होता. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, खात्यात सध्या काही नाही, सगळं हप्त्यात जातं. तुमच्या नावाची दोन लाखांची ठेव आहे ती मोडावी लागेल, पावती काढून ठेवा, मी येऊन बघतो. माझ्या नावाची ठेव आहे हे मला त्या फोनवर कळलं. लोखंडी कपाटात खालच्या खणात, लग्नातल्या शालूखाली ती पावती सापडली.

लेक पावती उलटीसुलटी करून बघत म्हणाली, "मम्मी, तुझं नाव हाय ना हिच्यावर. मग तूच जा की."

सोमवारी मी अर्धी रजा टाकून बँकेत गेले. स्टेशन रोडवरची शाखा, भर बाराची वेळ. काउंटरवर नव्यानं बदलून आलेली एक तरुण मुलगी होती. तिनं पावतीच्या मागं सही करायला सांगितली. मी केली, वडिलांनी शिकवलेली, पुरती. तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कॉम्प्युटरकडे. सही जुळत नाही म्हणाली. मला वाटलं वरची रेघ वाकडी गेली असेल. मी मास्तरीण, मी आणखी सुबक करून दाखवली. ती आणखीच जुळेना.

मग तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. फोटो माझाच होता, दोन वेण्यांतून नुकतीच सुटलेली, डोळे मोठे करून बघणारी मी. आणि फोटोखाली ह्यांचं अक्षर होतं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं ओळखू येत होतं, पुढं नुसती पळापळ, खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही दोन टिंबं मी लेकीच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती, वीजबिलावर पाहिली होती. ती ह्यांची खूण होती. इतकी वर्षं माझ्या फोटोखाली ते बसून होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ही सही माझी नाही, असं ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं तर अठरा वर्षांतल्या सगळ्या सह्या खोट्या ठरल्या असत्या. त्यात मी सरकारी नोकर. मी पेनाचं टोपण लावून टाकलं. काउंटरवरच्या मॅडमला माझी कीव आली असावी. हाताला काही झालंय का, असं तिनं विचारलं, कारण मागच्या वर्षी तर मी बरोबर सही केली होती म्हणे. आणि तिनं कपाटातून एक गठ्ठा काढून त्यातली पैसे काढल्याची एक स्लिप माझ्यापुढं धरली. सत्तर हजार रुपये. खाली तीच सही, तीच पळापळ, तीच रेघ, तीच दोन टिंबं.

मी तारीख वाचली. चैत्रात गेलेल्या माणसानं श्रावणात सही केली होती.

वरचा पंखा फिरत होता एवढं आठवतं. मी स्लिपवरून बोट फिरवलं. पेन कागदावर दाबून लिहायची त्यांची सवय, ती खोलगट रेघसुद्धा बोटाला लागली. शेजारी म्हातारा शिपाई पाण्याचा जार बदलत होता. आम्ही काय बघतोय ते पाहून तो सहज बोलला, "साहेबच आले होते की तवा. चौकडीचा शर्ट होता. मला च्या बी पाजला."

"कोणते साहेब?" मी विचारलं.

"तुमचेच की बाई."

मी पावती उचलली आणि बाहेर आले. रिक्षात बसून घराचा पत्ता सांगितला. रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. वडील म्हणायचे, चुडाव्याच्या रुळावर मी रातभर एकटा कंदील घेऊन हिंडतो, मला आजवर एक भूत भेटलं नाही, भेटलं असतं तर कंदील धरायला लावला असता. त्या बापाची मी लेक. पण घरी आल्यावर चप्पल न काढता मी थेट कपाटाकडे गेले आणि ह्यांचा चौकडीचा शर्ट शोधायला लागले. हँगर रिकामा होता. गाठोडं कोणी नेलं होतं हे नीट विचार केला असता तर मला आठवलं असतं. भ्यालेल्या माणसाला नीट विचार कुठला सुचायला. मला एवढंच वाटलं की हे शर्ट घालून बाहेर गेले आहेत, बँकेत जातात, माझी सही करतात, चहा पितात आणि फक्त घरी येत नाहीत. लाज वाटते सांगायला, पण भीतीआधी मला रागच आला. घरी का येत नाहीत ह्याचा.

मंगळवारी संध्याकाळी, उन्हं दारासमोर आली असताना, मी तांदूळ निवडत बसले होते. जाळीच्या दारात चौकडीचा शर्ट उभा राहिला. मागून ऊन होतं, तोंड काळं दिसत होतं. डावा हात चौकटीला टेकलेला, एक पाय उंबऱ्यावर, अगदी तसाच. माझ्या तोंडून नेहमीसारखं निघून गेलं, "आलात?"

"हां वैनी, आलो," शर्ट बोलला.

भाऊजी होते. आत येऊन बसले, पाणी प्याले. दोघा भावांची ठेवण एकच, ते मला माहीत होतं. पण इतकी एकच आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण आजवर दोघांना पाहताना मी एकाकडेच बघायची. मी त्यांना श्रावणातल्या स्लिपचं विचारलं. वाटलं होतं गडबडतील. ते अजिबात गडबडले नाहीत.

"मीच केली की सही," ते म्हणाले. "दादानंच शिकवली मला. म्हणला, मी नसलो तर तुझ्या वैनीचं काम अडू नये."

मी पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागले. ह्यांनी काळजी केली होती, हे खरं. आपण नसल्यावर हिचं कसं होईल, ह्याचा विचार केला होता. आणि त्यावर उपाय म्हणून माझी सही कुणाला शिकवली, तर भावाला. एका घरात राहून, एका ताटात जेवून, मला शिकवावी असं एकदाही मनात आलं नाही. ते गेले त्या दिवशी मला जेवढं तुटल्यासारखं वाटलं नव्हतं तेवढं त्या संध्याकाळी वाटलं.

सत्तर हजारांचं भाऊजींनी सांगितलं की झरीच्या घरावर स्लॅब टाकला, त्यात तुमचाही वाटा आहेच. दादा असता तर त्यानंच दिले असते. ह्यात खोटं काय होतं हे मला सांगता येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशी म्हण मी पोरांना फळ्यावर लिहून देते, अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करायला लावते. त्यातलं आंधळं कोण हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

"पावती द्या," भाऊजी उठताना म्हणाले. "उद्याच मोडून आणतो. सहीची फिकर करू नका, मी हाय ना."

मी म्हणाले पावती शाळेत राहिली. ती माझ्या मांडीखालच्या चटईखाली होती. भाऊजी गुरुवारी पुन्हा येतो म्हणून गेले. चौकडीचा शर्ट गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होता.

मग मी ठरवलं की ती सही आपणच शिकायची. दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. खरं सांगावं तर खात्याचं काय होईल ह्याची भीती, भाऊजींना सांगावं तर पैसे त्यांच्या हातात, आणि शनिवार जवळ आलेला. बुधवारी शाळा सुटल्यावर परभणीला घरी जायच्या, गंगाखेडकडून येणाऱ्या एसटीला अजून पाऊण तास होता. पोरं गेली होती, वर्गात ऊन तिरपं आलं होतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर माझं नाव ह्यांच्या हातानं लिहायला लागले.

सुरुवातीला काही केल्या येईना. मी अक्षरं लिहीत होते, आणि हे तर अक्षरं लिहीतच नसत. मग मी अक्षरांचा नाद सोडला आणि ह्यांच्यासारखी घाई आणली. एक पाय स्कूटरवर, गाडी चालू, ऑफिसची वेळ टळलेली, आणि कुणीतरी बाई कसला तरी कागद पुढं करते आहे, असं मनात धरलं आणि हात सोडला. सही आली. रेघ आली. दोन टिंबं ठक ठक करून आपोआप पडली. मी एक पाऊल मागं सरले. वर्गात खडूच्या धुळीबरोबर बडीशेपेचा वास आला, ती ह्यांच्या खिशात कायम असायची.

तिथं थांबायला हवं होतं. पण हात थांबेना. मी आणखी एक केली, त्याखाली आणखी एक. बाहेर कुणीही नव्हतं, आवारातली बोअरची मोटारसुद्धा बंद होती. खडू फळ्यावर पळत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, असं म्हणणं जास्त खरं होईल. फळा भरत आला तेव्हा रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी खडू टाकला, पर्स उचलली आणि पळाले.

आमच्या वर्गाचा एक नियम आहे, मीच घातलेला. सकाळी बाई यायच्या आधी जे फळ्यावर असेल ते सुलेखनाच्या वहीत उतरवायचं. अक्षर वळणदार व्हावं आणि दंगा होऊ नये म्हणून. रोज सुटताना मी एक सुविचार लिहून ठेवते.

गुरुवारी एसटी अर्धा तास उशिरा आली. मी धावत शाळेत पोचले तर वर्गातून आवाज नाही. तिसरीच्या वर्गातून आवाज नाही म्हटलं की काहीतरी बिघडलेलं असतं. मी दारात उभी राहिले. सव्वीस डोकी खाली होती. सव्वीस पेन्सिली चालू होत्या. कुणी वर बघेना. फळ्यावर काल संध्याकाळच्या सह्या जशाच्या तशा होत्या, आणि सगळी पोरं ती माझी सही, माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या हातची सही, वहीत घोटत होती. पानंच्या पानं. पेन्सिली थोडा वेळ सरकायच्या आणि मग टिंबांचा आवाज यायचा, कुठं इथं, कुठं तिथं. ठक ठक. ठक ठक.

पुढच्या बाकावरच्या पोरीनं मला पाहिलं. "बाई, दोन टिंबं बी द्यायची ना?" तिनं विचारलं.

मी तिच्या बाकावर टेकले आणि तिची वही पाहिली. तिला माझ्यापेक्षा चांगली जमली होती. शेजारणीची त्याहून चांगली. कोणत्याही वहीतलं पान फाडून बँकेत नेलं असतं तर पैसे मिळाले असते. ह्यांना येत होती, भाऊजींना येत होती, आता सव्वीस पोरांना आली. माझ्या नावाची सही साऱ्या जगाला येत होती, आणि तीच शिकून घ्यायला मी काल संध्याकाळी फळ्याशी झटत होते.

"काय लिहिलंय ते वाचा," मी पोरांना म्हणाले.

कुणालाच वाचता येईना. एकानं चिखल म्हणून वाचलं, दुसरा म्हणाला की हे इंग्लिश आहे. मग ती पुढच्या बाकावरची म्हणाली, "वाचता येत न्हाई, बाई."

मी उठले. ओल्या फडक्यानं फळा पुसला, दोनदा पुसला. त्यावर माझं नाव पुरतं लिहिलं, गोल अक्षरात, आणि वर सरळ रेघ ओढली. सव्वीस जणांनी ते एका सुरात मोठ्यानं वाचलं. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. मला एकदम चुडाव्याची पाटी आठवली आणि रडू आलं, ते मी पोरांकडे पाठ करून आवरलं. मधल्या सुट्टीत मी अर्धी रजा टाकली.

बँकेत त्याच मॅडम होत्या. मी सांगून टाकलं. कॉम्प्युटरमधली सही मी केलेली नाही, माझे मालक करायचे, ते दीड वर्षापूर्वी वारले. जार घेऊन उभा असलेला शिपाई हे ऐकत होता. त्यानं जार खाली ठेवला आणि दोन्ही हात शर्टाला पुसले. मग तो आत निघून गेला.

मॅडमनं खणातून एक छापील कागद काढला. मग म्हणाली की सही बदलायचा फॉर्म भरा, मोबाइल नंबर बदला, जुनं कार्ड बंद करून नवं घ्या. मी तिला म्हणाले की मला पहिलीतल्या पोरीला सांगतात तसं सांगा. तिनं सांगितलं. ठेव म्हणजे काय, मुदतीआधी मोडली तर किती व्याज बुडतं, पासबुकात कुठला रकाना आलेल्याचा आणि कुठला गेलेल्याचा, मोबाइलवर आलेला आकडा सख्ख्या भावालाही का सांगायचा नाही. मी तिसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा मला वाटलं आता ही हसणार. हसली नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

फॉर्मवर शेवटी दोन चौकोन होते. एकात जुनी सही करायची, दुसऱ्यात नवी. मी जुना चौकोन रिकामा ठेवला. मॅडम म्हणाली, जुनी जुळली तर आजच होईल. नाही जुळली तर कागद वर पाठवावा लागतो, चौकशी होते, आठवडा जातो. शनिवार परवावर होता.

पुन्हा कधी करायची नाही असं सकाळी ठरवलेली ती सही मी केली. घाईचं सोंग आणावं लागलं नाही. पेन टेकवलं आणि हात गेला. ह्या वेळी मला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. माझ्या हातावर त्यांचा हात अखेरचा होता असं वाटलं, आणि तो मला लवकर सोडवेना. दोन टिंबं मी अगदी सावकाश दिली.

"हुबेहूब आहे," मॅडम म्हणाली.

खालच्या चौकोनात मी माझी सही केली. नाव पुरतं मावेना, म्हणून रेघ थोडी चौकोनाबाहेर गेली. मॅडमनं जुन्या फायलीतून खातं उघडतानाचं पिवळं कार्ड काढलं आणि त्यावर रद्दची रेघ मारायला लाल पेन शोधायला लागली. तिचं पेन चालेना. माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं, मास्तरणीच्या पर्समध्ये असतंच. मी मारू का, असं विचारलं. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि कार्ड माझ्यापुढं सरकवलं. मी सहीवरून आडवी रेघ ओढली. खालची दोन टिंबं तेवढी तशीच ठेवली. मग मी तिथंच, टोकन घेऊन बसलेल्या माणसांसमोर, रडले. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी रडवून रडवूनसुद्धा मला असं रडू आलं नव्हतं.

ठेव मोडली, आणि शुक्रवारी दुपारी नव्वद हजार नांदेडला पोचले. कॉलेजची पावती लेकीच्या मोबाइलवर आली तेव्हा तिनं ती मला तीन वेळा वाचायला लावली. गुरुवारी भाऊजींना यायला जमलं नव्हतं; त्यांना मी फोनवर एवढंच कळवलं की फी भरली, पावतीची गरज नाही. कशी भरली हे त्यांनी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी नवं कार्ड आलं. मशीनसमोर उभी राहून मी पाचशे रुपये काढले. बोटं गार पडली ती पडलीच, पण शंभराच्या पाच नोटा मी तिथंच मोजल्या, दोनदा. मागं उभा असलेला माणूस घाईत होता. राहू दिला.

स्लॅबच्या सत्तर हजारांचं भाऊजींशी बोलायचं अजून बाकी आहे. ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

पुढच्या महिन्यात, एका दुपारच्या सुट्टीत, मोबाइल वाजला. ह्यांचा फोटो उजळला. माझा हात सवयीनं पदराकडे गेला, पण मी तसाच फोन उचलला. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"वैनी," भाऊजी म्हणाले, "मी बँकेत हाय. सही जुळंना म्हणायलेत."

"कुणाची सही, भाऊजी?"

पंखा ऐकू येत होता, कुणाच्या तरी टोकनाचा नंबर पुकारलेला ऐकू आला. फोटोतले हे माझ्याकडे बघत होते. मी फोन कानाला लावून थांबले. मग तिकडूनच तो बंद झाला.